खिडकी किती उघडते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुनर्विकासाच्या बैठकीत सभासद कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्रफळ) किती वाढणार, कॉर्पस निधी किती, भाडं किती, पार्किंग कुणाला, हे सगळं खोदून खोदून विचारतात. खिडकी किती उघडते, हे मात्र कुणी विचारत नाही. नकाशावर ‘६ बाय ४’ लिहिलेलं असतं, ते वाचून सगळे पुढच्या पानावर जातात. मग नव्या घरातला पहिला एप्रिल येतो, बेडरूममध्ये उकडायला लागतं आणि दोन महिन्यांत सगळ्या मजल्यांवर एसी लागतात. इमारतींचं आरेखन आणि त्यांतली हवेची सोय हे आमचं रोजचं काम आहे. यातला बराचसा उकाडा नकाशावरच टाळता येतो आणि त्यासाठी एक इंचही जास्त बांधकाम लागत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

६ फूट बाय ४ फुटांची खिडकी २४ चौरस फुटांची दिसते. ती दोन काचांची सरकती असेल तर एका वेळी एकच काच बाजूला जाते, म्हणजे हवेला मिळतात १२ चौरस फूट. त्यावर डासांची जाळी. सर्रास मिळणारी इंचाला १८ बाय १६ तारांच्या विणीची, ०.२८ मिलिमीटर तारेची जाळी घेतली, तर तारा सोडून मोकळी राहते ती फक्त दोन तृतीयांश जागा. उरले ८ चौरस फूट. जाळीवर वर्षभराची धूळ आणि स्वयंपाकघराचा चिकटा बसला की तेही राहत नाहीत. कागदावरची २४ फुटांची खिडकी वाऱ्याच्या दृष्टीनं तिसऱ्या हिश्श्याची असते.

नियमांना हे माहीत नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोनं डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात खिडकीच्या चौकटीऐवजी उघडणारं क्षेत्रफळ मोजायला सांगितलं आहे. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानात हे क्षेत्रफळ कार्पेटच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा हवं. नागपूरसारख्या संमिश्र हवामानात १२.५ टक्के, उष्ण-कोरड्या भागात १० टक्के. बिजागरीवर उघडणारी खिडकी चौकटीच्या ९० टक्के धरायची, दोन काचांची सरकती ५० टक्के, तीन काचांची सरकती ६७ टक्के. उघड्या बाल्कनीत उघडणारं दार यात मोजता येतं. जिन्याच्या बाजूच्या सामायिक पॅसेजमध्ये उघडणारं नाही.

आता ४८० चौरस फूट कार्पेटचं नेहमीचं वन बीएचके घ्या. हॉलची खिडकी २४ चौरस फूट, बेडरूमची २०, स्वयंपाकघराची १२. बाल्कनीचं सरकतं दार ६ बाय ७ म्हणजे ४२. संडास-बाथरूमच्या पट्ट्यांचे मिळून ३ धरू. सगळ्या खिडक्या सरकत्या असतील तर हिशोब असा: ५६ चे २८, दाराचे २१, वर ३. एकूण ५२ चौरस फूट, कार्पेटच्या ११ टक्क्यांच्याही आत. मुंबईत हवेत ८०. भिंतीतली भोकं तीच ठेवा, फक्त झडपा बिजागरीच्या करा आणि बाल्कनीला दुमडणारं दार लावा. खिडक्यांचे ५०, दाराचे जवळपास ३८, वर ३, एकूण ९१. घर तेच, भिंती त्याच, खिडक्यांच्या जागाही त्याच. एक घर निकषात बसतं, दुसरं त्याच्या जवळपासही जात नाही.

बांधकाम करणाऱ्यांना सरकती खिडकी का आवडते, तेही समजून घ्यायला हवं. ती वाऱ्यानं आदळत नाही, आतून-बाहेरून ग्रिल लावता येतं, पडदा अडत नाही, कारागिराला बसवायला सोपी आणि दरही कमी. यातल्या प्रत्येक अडचणीवर तोड आहे. आदळू नये म्हणून साध्या बिजागरीऐवजी स्टेनलेस स्टीलचे फ्रिक्शन स्टे लावायचे. झडप ज्या कोनात सोडाल त्या कोनात थांबते. समुद्राजवळ ते ३१६ प्रतीचेच हवेत, हलक्या प्रतीचे खाऱ्या हवेत जाम होतात आणि मग घरचे लोक खिडकी उघडणंच सोडून देतात. लहान मुलांच्या घरात झडप १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू न देणारा अडसर मिळतो, मोठ्यांना तो किल्लीनं काढता येतो. झडप बाहेर उघडायची असेल तर ग्रिल आतून, आणि जाळी गुंडाळणारी. पेटी-ग्रिल बाहेर काढली की बिजागरीची खिडकी संपली, हे सोसायटीनं आधीच ठरवून टाकावं.

पण निम्मी गोष्ट इथंच संपते. उरलेली निम्मी जास्त महत्त्वाची आहे आणि ती बहुतेक घरांत चुकते: आत आलेला वारा बाहेर कुठून जाणार?

राष्ट्रीय इमारत संहितेत एक साधं सूत्र आहे. वारा खिडकीवर सरळ येत असेल आणि येण्याची व जाण्याची वाट सारखीच मोठी असेल, तर आत येणारी हवा म्हणजे उघडलेलं क्षेत्रफळ गुणिले वाऱ्याचा वेग गुणिले ०.६. वारा तिरपा आला तर ०.३. बेडरूम १० बाय १२ फुटांची, आत साधारण ३० घनमीटर हवा. खिडकीचं उघडणारं क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटर, वारा सेकंदाला फक्त १ मीटर, म्हणजे झाडाची पानं जेमतेम हलतील एवढा. समोर तेवढीच मोकळी वाट असेल तर तासाला १,५०० घनमीटर हवा आरपार जाते. खोलीतली हवा तासात पन्नास वेळा बदलते. आता बेडरूमचं दार लावून घ्या. जाण्याची वाट उरली ती दाराखालची २ सेंटिमीटरची फट. तोच वारा, तीच खिडकी. आरपार जाणारी हवा तासाला ५५ घनमीटरवर येते, म्हणजे दोन बदलसुद्धा नाहीत. खिडकीतल्या खिडकीत थोडी हवा आत-बाहेर होते तेवढीच काय ती भर. ‘खिडकी उघडी आहे तरी वारा येत नाही’ ही तक्रार ऐकली की आम्ही आधी दाराकडे बघतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. जाण्याची वाट तेवढीच ठेवून समोरची खिडकी दुप्पट केली, तर हवा दुप्पट होत नाही, साधारण सव्वापट होते. मोठ्या काचेवर खर्च करण्याआधी मागच्या बाजूचं भोक मोठं करा. संहिता असंही सांगते की येण्या-जाण्याच्या वाटा मिळून जमिनीच्या २० ते ३० टक्के असतील तर खोलीतला वारा बाहेरच्या वाऱ्याच्या सुमारे ३० टक्के वेगानं वाहतो, आणि काहीही केलं तरी सरासरी ४० टक्क्यांपुढे जात नाही. भिंतभर काच लावून वारा वाढत नाही. ऊन मात्र वाढतं.

जुन्या चाळींत हे सगळं होतं. एका बाजूला उघडी गॅलरी, दुसऱ्या बाजूला खिडकी, मधल्या दारांवर झरोका. खोली १० बाय १२ चीच असायची, पण दोन्ही टोकं मोकळी. वाड्यांत मधला चौक हे काम करायचा, माळवदाच्या घरात छताला ठेवलेलं झाकणाचं भोक. नव्या इमारतीत मधोमध बंद पॅसेज आणि दोन्हीकडे घरं अशी रचना आली आणि एकाच बाजूला खिडक्या असलेली घरं हजारोंनी झाली. दारावरचा झरोका एसी आणि पीओपीच्या खोट्या छतामुळे गेला.

तो झरोका परत आणता येतो, राहत्या घरातही. दाराच्या चौकटीवर ३ फूट बाय १ फूट एवढा भाग तोडून त्यात आडव्या अक्षावर फिरणारी झडप बसवायची. हवी तेव्हा उघडी, एसी लावायचा तेव्हा बंद. तोडण्याआधी वर बीम आहे का ते बघा. ७ फुटांच्या दारावर बहुतेक ठिकाणी लिंटेल (भार पेलणारी आडवी पट्टी) आणि त्यावर नुसती विटेची भिंत असते. बीम किंवा लिंटेल असेल तिथे अजिबात हात लावू नका. झरोक्याचं भोक लिंटेलच्या वरच्या विटकामात, स्वतःच्या छोट्या लिंटेलसह करायचं. ते जमत नसेल तर दाराच्याच वरच्या दिल्ह्यात तिरप्या पट्ट्या बसवून घ्या. एकांत जात नाही आणि हवेला वाट मिळते.

एकाच भिंतीला खिडकी असलेल्या खोलीत एका मोठ्या खिडकीऐवजी त्याच भिंतीत दोन लहान खिडक्या, जितक्या लांब ठेवता येतील तितक्या, अशी राष्ट्रीय संहितेचीच शिफारस आहे. त्यांच्या मध्ये बाहेरून फूट-दीड फूट उभी पट्टी काढली की एकीवर वाऱ्याचा दाब येतो, दुसरीवर ओढ, आणि वारा एकीतून आत येऊन दुसरीतून बाहेर जातो. बिजागरीची झडप योग्य बाजूला उघडली तर ती स्वतःच ही पट्टी होते. झडप कुठल्या बाजूला उघडायची हे म्हणूनच वाऱ्याची दिशा पाहून ठरवायचं. नकाशावर दोन्ही झडपा आरशातल्यासारख्या काढून मोकळं व्हायचं नाही. खिडकीची उंचीही बघावी. खुर्चीत बसणाऱ्याला वारा लागायला सिल (खिडकीचा खालचा काठ) जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, पलंगावर झोपणाऱ्याला ६०, जमिनीवर बसण्या-झोपण्याची सवय असेल तर ४०. स्वयंपाकघराची खिडकी ओट्याच्या वर जाते हे समजतं. बेडरूमची सिल ११० सेंटिमीटरवर का असते, हे नाही समजत. वारा पलंगाच्या वरून जातो आणि समोरच्या कपाटाला लागतो. सिल खाली घ्यायची तर १ मीटर उंचीपर्यंत मजबूत ग्रिल अर्थातच हवं.

मुंबईचा वारा तसा सोपा आहे आणि अवघडही. उन्हाळ्याच्या दुपारी समुद्रावरून पश्चिम-वायव्येचा, पावसाळ्यात नैर्ऋत्येचा, हिवाळ्याच्या पहाटे जमिनीवरून पूर्वेकडचा. म्हणजे पूर्व-पश्चिम आरपार घर उत्तम. पण दुपारचं ऊनही पश्चिमेचं आणि पावसाचा मारही तिकडूनच. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी कंबाला हिलवरच्या ‘कांचनजंगा’त हा पेच सोडवला. १९८३ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत घरं पूर्व-पश्चिम आरपार आहेत आणि कोपऱ्यात खोल, दुमजली उंचीच्या बागा-व्हरांडे आहेत; ऊन-पाऊस व्हरांड्यात अडतो, वारा आत जातो. ते श्रीमंतांचं घर होतं, पण तत्त्वाला पैसे लागत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या जुन्या इमारतींवरच्या लांबलचक सज्जांनी, म्हणजे खिडक्यांवर बाहेर काढलेल्या आडव्या पट्ट्यांनी, तेच केलं. हल्ली दर्शनी भाग सपाट हवा म्हणून सज्जा उडवतात. सज्जा नाही म्हणून पावसाळ्यात खिडकी बंद, आणि मुंबईत पावसाळा चार महिन्यांचा. किमान ६० सेंटिमीटरचा सज्जा मागा. तो नसेलच तर खिडकीचा वरचा एक भाग वरच्या बाजूला बिजागरी असलेला, तळातून बाहेर ढकलून उघडणारा ठेवा; साध्या पावसात तो उघडा राहू शकतो.

डक्टबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. संडास-बाथरूमच्या खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात ती डक्ट इमारतीच्या उंचीप्रमाणे मोठी व्हायला हवी. राष्ट्रीय संहितेत १० मीटर उंचीला १.२ चौरस मीटर पुरतं, ३० मीटरला ८ चौरस मीटर आणि रुंदी किमान २.४ मीटर लागते. डक्ट चालते कशी? आतली ऊबदार हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा येते. खालचं तोंड पोडियमनं (इमारतीच्या तळाच्या रुंद मजल्यांनी) किंवा दुकानाच्या गाळ्यानं बंद केलं, की ती वरून उघडी बाटली झाली. हवा हलत नाही, ओल राहते, पाइप गंजतात. मग कबुतरं येतात म्हणून सोसायटी वर पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकते आणि उरलंसुरलं संपतं. कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावा, ती वाऱ्याला जवळजवळ अडवत नाही. पावसासाठी छप्पर हवंच असेल तर ते कठड्याच्या वर निदान दीड-दोन फूट उचलून, चारही बाजू मोकळ्या ठेवून घाला. तळाला बाहेरून हवा येणारी वाट, निदान डक्टच्या निम्म्या क्षेत्रफळाची, शोधून काढा. आणि डक्टमध्ये एसीची बाहेरची युनिटं लटकवू देऊ नका. त्यांची गरम हवा वर चढते, वरच्या मजल्याचं युनिट तीच ओढतं, जास्त वीज खातं आणि कमी थंड करतं. वरच्यांची बाथरूमची खिडकी तर कायमची बंद होते.

बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा सहा इंची पुरतो. ५ बाय ८ फुटांच्या बाथरूममध्ये साधारण ९ घनमीटर हवा असते. तासाला दहा वेळा बदलायची तर ९० घनमीटर लागतात आणि सहा इंची पंखा त्याहून बरीच जास्त हवा फेकतो. तरी आरशावरची वाफ जात नाही, कारण दाराखाली फट नसते. दार तळातून २ सेंटिमीटर कापा किंवा त्यात पट्ट्या बसवा. पंख्याला बाहेरच्या बाजूनं आपोआप मिटणारी झडप हवीच. नाहीतर खालच्या मजल्यानं डक्टमध्ये टाकलेला वास तुमच्या बंद पंख्यातून आत येतो. स्वयंपाकघराची चिमणी चालू केली की संडासाचा वास घरभर पसरतो, ही तक्रारही याच जातीची. चिमणी तासाला हजार घनमीटरपर्यंत हवा बाहेर फेकते. तेवढी हवा कुठून तरी यायलाच हवी. खिडक्या बंद असतील तर ती बाथरूमच्या डक्टमधून येते. चिमणी चालू करताना हॉलची खिडकी उघडा, एवढाच उपाय. चिमणीचा पाइप सहा इंचीच ठेवा, चार इंचावर आणू नका, वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. पाइप नसलेली, कोळशाच्या गाळणीतून हवा परत घरात सोडणारी चिमणी उष्णता आणि वाफ घरातच ठेवते.

गॅसच्या बाबतीत चूक जिवावर बेतते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो; त्याला भिंतीच्या तळाशी वाट हवी. पाइपचा गॅस हलका, तो छताखाली साठतो. त्याला वर झरोका हवा. ड्राय बाल्कनी काचेनं बंद करून तिथे सिलिंडर ठेवणाऱ्यांनी तळाची वाट तरी मोकळी ठेवावी. गॅस गिझर बाथरूमच्या आत कधीही नको. तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि थंडीत आपण नेमक्या पट्ट्या पुठ्ठ्यानं बंद करून अंघोळीला जातो. गिझर बाहेर मोकळ्या बाल्कनीत बसवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा.

आता विदर्भ-मराठवाडा. वर लिहिलेलं सगळं तिथे तसंच लागू नाही, आणि मुंबईचा सल्ला नागपुरात देणारे तज्ज्ञ नुकसान करतात. मुंबईत मे महिन्यात दिवस-रात्रीच्या तापमानात सहा-सात अंशांचाच फरक असतो. तिथे अंगावरून वाहणारा वारा हाच थंडावा, म्हणून खिडक्या दिवसरात्र उघड्या. नागपुरात दुपारी बाहेर ४४ आणि घरात ३५ असताना खिडकी उघडणं म्हणजे भट्टी आत घेणं. तिथे सकाळी आठ-साडेआठला सगळं बंद, पडदे ओढलेले, शक्य तर काचेच्या बाहेरून वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा. आणि बाहेरचं तापमान घरातल्याच्या खाली उतरलं की सगळं एकदम उघडायचं. ही वेळ अंदाजानं ठरवू नका. दोन साधे थर्मामीटर घ्या, एक आत, एक बाहेर सावलीत. रात्रभर हवा खेळली तरच भिंती आणि स्लॅब थंड होतात आणि दुसऱ्या दुपारी कामाला येतात. वारा पडलेल्या रात्री जिन्याचा उपयोग करा. वर निघणारी गरम हवा किती, याचंही राष्ट्रीय संहितेत सूत्र आहे: मिनिटाला घनमीटर म्हणजे ७ गुणिले भोकाचं क्षेत्रफळ गुणिले (उंचीतला फरक गुणिले तापमानातला फरक) याचं वर्गमूळ. खाली ०.३ चौरस मीटर उघडं, जिन्याच्या टोकाला तेवढंच, उंची ९ मीटर, फरक ४ अंश. वर्गमूळ ६, म्हणजे मिनिटाला १२.६ घनमीटर, तासाला साडेसातशे. विजेचा एक युनिटही न लागता. जिन्यावरची खोली गच्चीचं दार लावून बंद ठेवतात. चोरीची भीती असेल तर दाराच्या वर लोखंडी जाळीचा झरोका करा.

वरच्या मजल्यावर स्लॅब थंड केल्याशिवाय वाऱ्याचाही उपयोग कमी, कारण तापलेल्या छताखाली सीलिंग फॅन गरम हवाच खाली ढकलतो. गच्चीला चुन्याचा किंवा पांढरा परावर्ती लेप, नाहीतर फुटक्या पांढऱ्या टाइलचा चायना मोझेक. लेप दर उन्हाळ्याआधी धुवा. धूळ बसली की पांढऱ्याचा करडा होतो आणि गुण जातो.

कूलरचंही तेच: जाणाऱ्या हवेला वाट. १२ बाय १२ बाय १० फुटांच्या खोलीत १,४४० घनफूट हवा. ती दर दोन मिनिटांना बदलायची तर मिनिटाला ७२० घनफूट देणारा कूलर पुरे. तो खिडकीबाहेर ठेवायचा, आणि समोरच्या बाजूला दीड-दोन चौरस फूट उघडं ठेवायचं. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात चिकचिक होते आणि माणसं कूलरलाच दोष देतात. मुंबई-कोकणात हवा आधीच ओली, तिथे कूलरवर पैसे घालवू नयेत.

एसी लावूच नका, असं आमचं म्हणणं नाही. दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. १.५ टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण दीड किलोवॅट ओढतो, म्हणजे ७५ वॅटचे वीस जुने पंखे. बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास चालतो. नैसर्गिक हवेच्या इमारतीत माणूस किती तापमान सहज सोसतो याचं भारतातल्याच मोजणीवरून बांधलेलं एक सूत्र राष्ट्रीय संहितेत आहे. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर आत २९ अंशांच्या आसपास ९० टक्के लोकांना ठीक वाटतं, आणि त्याच्या दोन-सव्वादोन अंश वर-खालीही चालतं. ज्या घरात वारा खेळतो तिथे एसीचे दिवस कमी होतात, हा आमचा मुद्दा.

दुसरी गोष्ट, स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही; खोलीतलीच फिरवतो. बंद खोलीत दोघे झोपले तर तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. बाहेर त्याचं प्रमाण दहा लाखांत ४२० च्या आसपास असतं, बंद खोलीत पहाटेपर्यंत २,००० च्या घरात जातं. डोकं जड, घसा कोरडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये घरांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली. दोघांना तासाला ७२ घनमीटर. खिडकी दोन बोटं उघडी ठेवून लगतच्या बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालू ठेवला, की एवढी हवा मिळते. एसीला त्यापायी रात्रीत साधारण एक युनिट जास्त लागेल. कार्बन डायऑक्साइड मोजायचाच असेल तर एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचा मीटर घ्या. स्वस्त मीटर बहुतेक वेळा दुसऱ्याच वायूवरून अंदाज बांधतात.

हवेचा प्रश्न आरामापुरता नाही, हे मानखुर्द-गोवंडीनं दाखवलं आहे. तिथल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन इमारतींमध्ये अवघं ३ मीटर अंतर. खालच्या मजल्यांवर ना ऊन ना वारा, आणि तिथेच क्षयरोग जास्त. त्या घरांना खिडक्या होत्या. खिडकीसमोर तीन मीटरवर दुसरी भिंत होती.

म्हणून पुनर्विकासाला सही करण्याआधी सभासदांनी वास्तुविशारदाकडून प्रत्येक घरासाठी लेखी चार गोष्टी मागाव्यात: उघडणारं क्षेत्रफळ किती आणि कार्पेटच्या किती टक्के, खिडकी बिजागरीची की सरकती, वारा कुठून येणार, कुठून जाणार याचा नकाशावर बाण, आणि समोरच्या भिंतीचं अंतर. महारेराच्या नोंदणीत कार्पेट लिहिणं सक्तीचं आहे, त्याच तक्त्यात उघडणाऱ्या क्षेत्रफळाचा एक रकाना वाढवावा, ही शासनाकडे मागणी आहे. आकडा नकाशात आधीच असतो, फक्त बेरीज करून लिहायचा आहे.

तयार घर बघायला जाणाऱ्यांनी सोबत उदबत्ती न्यावी. सगळी दारं-खिडक्या उघडून ती बेडरूमच्या खिडकीशी धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. मग बेडरूमचं दार लावून पुन्हा बघा. दलाल घाईत असला तरी दुसऱ्यांदा नक्की बघा, कारण रात्री झोपताना दार लावलेलंच असणार.

कळावे,
इमारत आरेखन व वायुवीजन क्षेत्रात काम करणारे एक वास्तुविशारद आणि एक यांत्रिकी अभियंता, मुंबई